टॉवेल मिळाला, टोपी नाही

नांदेडच्या ज्या कॉलेजात मी हॉटेल मॅनेजमेंट शिकले, तिथल्या सरांनी परवा मला मुलांसमोर बोलायला बोलावलं. विषय दिला होता, ‘हॉटेल व्यवसायातील करिअरच्या संधी’. या विषयाशी माझी जुनी ओळख आहे. मी तिथं शिकत असताना असेच एक पाहुणे आले होते. त्यांनी पडद्यावर जहाज दाखवलं, दुबई दाखवली, उंच पांढऱ्या टोपीतला शेफ दाखवला, आणि ‘संधी’ हा शब्द इतक्यांदा उच्चारला की मागच्या बाकावरची पोरं मोजता मोजता थकली. गादी मात्र त्यांनी एकदाही दाखवली नाही. माझ्या वाट्याला आलेली सगळी संधी गादीवरूनच आली, त्यामुळे मला त्या पाहुण्यांचा अजून राग आहे.

म्हणून मी पडदा वगैरे न लावता मुलांना लातूरची एक गोष्ट सांगितली. सरांचं तोंड उतरलं, मुलं मात्र पोट धरून हसली. तीच इथं नीट लिहून ठेवते.

माझं गाव जळकोटजवळ आहे. मूल जरा हुशार दिसलं की त्याला बारावीला सायन्स द्यायचं आणि लातूरला क्लास लावून डॉक्टर करायचं, असा आमच्याकडं जवळजवळ कायदाच आहे. मीही क्लास लावला. निकाल असा लागला की डॉक्टर सोडाच, दवाखान्यात पेशंट म्हणूनही मला कुणी सरळ तोंडानं विचारलं नसतं. तेव्हा मी नांदेडच्या कॉलेजचं माहितीपत्रक वडिलांपुढं ठेवलं. आम्ही वडिलांना अण्णा म्हणतो. अण्णांनी ‘हॉटेल’ या शब्दावर बोट ठेवून कपाळाला आठ्या घातल्या, मग बोट पुढं सरकवून ‘मॅनेजमेंट’वर आणलं आणि आठ्या सैल केल्या. मॅनेजमेंट म्हणजे खुर्ची, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं.

कोर्स संपला आणि लातूरच्या एका नव्या हॉटेलात मला काम लागलं. विभाग हाउसकीपिंग. पहिले सहा महिने परीक्षेचे, काम पसंत पडलं तर कायम करणार होते. त्या संध्याकाळी अण्णांचा शेतातून फोन आला.

“म्हंजी नेमकं काय करायलीस?”

“खोल्या बघते, अण्णा. गाद्या, चादरी, टॉवेल. सगळं नीटनेटकं आहे का ते.”

अण्णांनी आधी पाण्याची मोटार बंद केली.

“घरी सोताच्या गोधडीची घडी घातली न्हाईस कधी,” अण्णा म्हणाले, “आन् आता लोकाच्या गाद्या झाडायलीस?”

हे खरंच होतं.

अण्णांनी मला परत बोलावलं नाही, पण गावात सांगून टाकलं की पोरगी लातूरला बँकेत आहे. बँक का, तर बँकेत पंखा असतो, खुर्ची असते आणि पुढं कुणी काही विचारत नाही, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब साफ चुकला. गावातली माणसं मला फोन करायला लागली. कुणाचं एटीएम मशीननं गिळलं होतं, कुणाचं केवायसी अडकलं होतं, कुणाला आजीच्या अंगठ्याचा ठसा लागत नाही म्हणून सल्ला हवा होता. मी हातातली उशी काखोटीला मारून मोबाईलवर शोधायची आणि उत्तरं द्यायची. सगळ्यांची कामं होत गेली, आणि गावात माझा बँकेतला अधिकार वाढत गेला. अण्णांची पंचाईतही त्याच वेगानं वाढत गेली.

इकडं मला काम आवडायला लागलं होतं. चादर ओढून ताणून बसवली आणि तिच्यावर एकही सुरकुती राहिली नाही की मला भारी वाटायचं. त्यातून मी टॉवेलची बदकं शिकले. मोठा पांढरा टॉवेल दोन्हीकडून गुंडाळत आणायचा, दुमडून मान काढायची, की पलंगावर बदक तयार. आमचे मॅनेजर मूळचे मंगळूरचे, मराठी मुंबईत शिकलेले. कौतुक हा प्रकार त्यांना माहीत नव्हता. पण माझं बदक पाहून ते म्हणाले, “हे प्रत्येक खोलीत पाहिजे.” मी इतकी हरखले की पुढचे कित्येक दिवस मिळेल त्या कापडाचं बदक करत सुटले.

अशातच एक दिवस अण्णांचा पुन्हा फोन आला. आमच्या भावकीतल्या थोरल्या काकांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. मुलगी लातूरची. तिचे वडील नुकतेच रिटायर झालेले मास्तर, हौशी माणूस. आमच्याकडं वऱ्हाड शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून उतरवतात. मास्तरांनी ठरवलं, आपल्या व्याह्यांचा जानवसा हॉटेलात. आणि लातुरात एवढी हॉटेलं असताना त्यांना नेमकं आमचंच सापडलं.

“त्या दिवशी रजा टाक,” अण्णा म्हणाले.

“मिळणार नाही. सगळ्या खोल्या भरल्यात.”

“मंग समोर येऊ नगं. समदी भावकी यायलीय. तिथं तू चादरी घेऊन हिंडताना दिसलीस, तर माझी काय इज्जत ऱ्हाती? दिसलीस तर त्याच गाडीत बसून गावाकडं चलायचं. मंग नौकरी न्हाई आन् फिकरी न्हाई.”

मी बरं म्हणाले. फोन ठेवल्यावर मला अण्णांचा असा राग आला की त्या दुपारी केलेल्या सगळ्या बदकांच्या माना वाकड्या झाल्या. मी चोरी केली नव्हती, कुणाच्या घरात आग लावली नव्हती. पण नोकरी टिकवायची तर लपायला लागणार होतं, आणि नोकरी मला टिकवायची होती.

वऱ्हाड दुपारी यायचं होतं. मी सकाळपासून सगळ्या खोल्या लावल्या. समोर येता येत नव्हतं, निदान खोल्या तरी अशा लावीन की भावकीनं नाव काढावं, असा माझा हट्ट होता. प्रत्येक पलंगावर बदक बसवलं. नवरदेवाच्या वडिलांच्या, म्हणजे थोरल्या काकांच्या खोलीत मी जरा जास्तच हौस केली. न्हाणीच्या दाराशी पाय पुसायला जो जाड टॉवेल ठेवतात, त्याची घडी घालून फूल केलं आणि तेही बदकाच्या पुढ्यात पलंगावर मांडलं. मग वऱ्हाडाच्या गाड्या वाजल्या आणि मी वरच्या मजल्यावर चादरी ठेवायच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

तासाभरानं माझ्याबरोबर काम करणाऱ्या मावशी आत आल्या. त्यांना बातमी पोटात ठेवता येत नसे.

“समदे खाली उतरून बसल्यात. खांद्यावर टावेल घेऊन.”

“अंघोळीला निघालेत का?”

“न्हाई बाई. कपडे घालून, टावेल खांद्यावर टाकून गुमान बसल्यात. कोणाशी बोलंनात. चहाबी घेईनात.”

चहा घेईनात म्हटल्यावर मी हातातली चादर तिथंच टाकली. आमच्याकडचं वऱ्हाड दगडावर बसेल, उन्हात बसेल, पण चहा नाकारला म्हणजे रुसलं. मी मागच्या जिन्यानं अर्ध्यात उतरले आणि कठड्याआडून पाहिलं.

खाली सगळ्या सोफ्यांवर आमची भावकी बसली होती. धोतरं, पायजमे, पँटी, आणि प्रत्येकाच्या खांद्यावरून गुडघ्यापर्यंत लोंबणारा आमचा पांढराशुभ्र अंघोळीचा टॉवेल. मधल्या सोफ्यावर थोरले काका. त्यांच्या खांद्यावर पाय पुसायचा टॉवेल होता. तो सगळ्यात जाड, म्हणजे सगळ्यात भारी, असं त्यांनी आणि बाकीच्यांनीही धरून चाललेलं दिसत होतं, कारण दोघे-तिघे त्यांच्या खांद्याकडं हेव्यानं बघत होते. शेजारी अण्णा होते. त्यांच्याही खांद्यावर टॉवेल होता आणि चेहऱ्यावर बाकीच्यांचाच रुसवा होता.

मला सगळं एकदम कळलं. आमच्याकडं लग्नात पाहुण्याचा मान म्हणजे टॉवेल-टोपी. गंध लावायचं, टोपी डोक्यावर ठेवायची, टॉवेल हातात द्यायचा. आणि इथं माणसं खोलीत गेली, तर पलंगावर कोरा करकरीत टॉवेल. तोही नुसता टाकलेला. द्यायला माणूस नाही, गंध नाही, आणि टोपीचा पत्ता नाही. अर्धा मान म्हणजे अपमान. माझ्याकडून एवढं कसं सुटलं? जन्म गावात गेला होता, पण बदक करताना डोकं नांदेडच्या कॉलेजातच राहिलं होतं.

मी मागच्या दारानं मॅनेजरांच्या खोलीत गेले. तिथं नवरीचे वडील, ते मास्तर, घामाघूम होऊन उभे होते.

“ते म्हणायलेत, टावेल दिला, टोपी न्हाई दिली,” मास्तर म्हणाले. “मी टावेल दिलाच न्हाई अजून! माझे टावेल-टोप्या हितंच गाडीत हायेत, उद्याच्याला. व्याही म्हणले, आमाला बदक दिलं. कसलं बदक? मला काईच कळंना झालंय.”

“मला कळतंय,” मॅनेजर म्हणाले. “ते सगळे टॉवेल हॉटेलचे आहेत. मी जाऊन स्पष्ट सांगतो, परत ठेवा. आणि मधल्या त्या गृहस्थांना सांगतो की तुमच्या खांद्यावर जे आहे ते...”

“सर, ते सांगू नका,” मी म्हणाले.

मॅनेजरांचं बोलणं मी तोपर्यंत कधी तोडलं नव्हतं. हॉटेलात कुणीच तोडलं नव्हतं. पण आता गप्प बसून चालण्यासारखं नव्हतं. मी त्यांना भराभर समजावलं. नवऱ्या मुलाच्या माणसांना टॉवेल परत मागायचे, म्हणजे चारचौघांत चोर म्हणायचं. आणि नवरदेवाच्या बापाला तुमच्या खांद्यावर पायपुसणं आहे असं सांगायचं, म्हणजे तर विषयच संपला. दहा मिनिटांत गाड्या वळतील, वऱ्हाड जळकोटला जाईल, आणि मास्तरांची मुलगी हळद लावून घरी बसेल. मास्तरांनी तिथल्या तिथं खुर्ची धरली.

“मग काय करायचं?” मॅनेजरांनी विचारलं.

“आत्ताच टोप्या द्यायच्या. टॉवेल आधी पोचले, टोप्या मागून आल्या, एवढंच म्हणायचं. उद्यासाठी मास्तरांनी आणलेले टॉवेल आपण घ्यायचे. आपले त्यांचे झाले, त्यांचे आपले.”

मास्तरांनी गाडीतलं गाठोडं आणवलं. मॅनेजरांनी त्यातला एक टॉवेल उचलून उजेडापुढं धरला. हिरव्या-लाल चौकडीचा, पातळ, पलीकडचा मास्तरांचा चेहरा स्वच्छ दिसत होता. मॅनेजरांनी तो दोन बोटांत धरून टेबलावर ठेवला आणि मान हलवली. पुढं वर्षभर आमच्या स्वयंपाकघरातली प्रत्येक कढई त्या टॉवेलांनी उतरवली गेली.

“पण सांगायचं कोणी?” मास्तर म्हणाले. “उशीर माझ्याकडून झाला म्हणलो, तर रुसवा वाढंल. हाटेलाकडून झाला असं हाटेलच्याच माणसानं म्हणाया पायजे.”

मॅनेजरांनी माझ्याकडं बघितलं. मराठी माणसांची समजूत काढायचा प्रयत्न त्यांनी आधी एकदा केला होता आणि तो पाहुणा न जेवता गेला होता. त्यामुळं ते पुन्हा प्रयत्न करणार नव्हते. मावशींना पाठवावं, तर त्या पायपुसण्याची गोष्ट आधी सांगतील आणि टोपीची नंतर. राहिले मी.

बाहेर अण्णा बसले होते. मी बाहेर गेले की अण्णांची बँक बुडणार आणि माझी नोकरी जाणार, हे मला लख्ख दिसत होतं. नाही गेले तर लग्न मोडणार, आणि ते माझ्या बदकांनी मोडलेलं असणार. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. आयुष्यात पहिल्यांदा मला एक काम मनापासून आवडत होतं आणि तेच लपवायचं होतं. मी तबक उचललं, त्यात गंधाची वाटी ठेवली, टोप्या रचल्या आणि मास्तरांच्या पुढं चालत बाहेर गेले. अंगावर हॉटेलचा गणवेश होता आणि छातीवर नावाची पट्टी होती.

मी अण्णांकडं बघितलंच नाही.

“पाहुणे,” मी म्हणाले, “मास्तरांनी टॉवेल-टोप्या बरोबरच दिल्या होत्या. टॉवेल आम्ही खोल्यांत पोचवले, टोप्या पोचवायला आमच्याकडून उशीर झाला. चूक हॉटेलची आहे, मास्तरांची नाही. माझी आहे. टॉवेल मीच ठेवले होते.”

मास्तरांनी थोरल्या काकांना गंध लावलं आणि टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली. काकांनी टोपी दोन्ही हातांनी नीट केली, खांद्यावरचं पायपुसणं सारखं केलं आणि त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. “मंग आदीच सांगायचं की,” ते म्हणाले. “आमी काय परके हाव का?” मागून कुणीतरी चहा मागितला. मास्तरांनी एवढा मोठा श्वास सोडला की तबकातली वरची टोपी हलली.

तेवढ्यात काकांनी मला नीट निरखलं. आधी तोंड बघितलं, मग छातीवरची पट्टी वाचली, मग मान वळवून अण्णांकडं बघितलं.

“ही तुमचीच न्हाई का?”

अण्णा टॉवेलच्या काठाशी चाळा करायला लागले.

“तुमी तर बँकेत हाय म्हणले हुते. परवा माझ्या एटीएमचं हिनंच करून दिलं.”

सगळी भावकी वळून अण्णांकडं बघायला लागली. मी तबक धरून अण्णांच्या समोर उभी होते, कारण रांगेत पुढचा नंबर त्यांचाच होता. अण्णांनी आधी माझ्या पायातल्या काळ्या बुटांकडं बघितलं, मग गणवेशाकडं, मग तोंडाकडं. मी बॅगेत काय काय भरायचं ते मनात म्हणायला सुरुवात केली होती.

“हुती बँकेत,” अण्णा म्हणाले. “सोडली.”

“बँक सोडली?”

“हाव. मीच सोडायला लावली. बँकेत काय ठुलंय? दिवसभर लोकाची तोंडं बगत बसायचं. हितं समद्या मजल्याचा कारभार तिच्याकडं हाय.” मग ते मास्तरांकडं वळले आणि डोकं पुढं केलं. “लावा गंध.”

मी नोकरीला लागल्यापासून अण्णा माझ्या कामाबद्दल कुणाशी चांगलं बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. आज बोलले ते धडधडीत खोटं होतं, आणि मला ते इतकं आवडलं की डोळे भरून आले. नाक ओढायला हात मोकळा नव्हता. मास्तरांनी अण्णांना टोपी घातली. ती जरा मोठी होती, कानांवर आली. अण्णांनी ती तशीच राहू दिली.

काका मात्र विचारात पडले होते. त्यांचा धाकटा मुलगा एका पतसंस्थेत चिकटला होता, आणि तिथं त्याचं मन रमत नाही, हे गावाला माहीत होतं.

“आमच्या बारक्याला बी घ्या की हितं कुठंतरी,” काका अण्णांना म्हणाले.

“मला नगा सांगू,” अण्णा म्हणाले. “तिला इचारा. तिच्या कामात मी बोलत न्हाई.”

काका माझ्याकडं वळले. “काय गं, काय काम असतंय पयलं?”

“गाद्या झाडायच्या, काका,” मी म्हणाले. “चादर ताणून बसवायची. सुरकुती राहू द्यायची नाही.”

“बस? एवढंच?”

“एवढंच म्हणू नगा,” अण्णा म्हणाले. “सोपं नसतंय ते.”